मदत हवी आहे: आजोळी सापडलेले वेबली सीनियर एअर पिस्तूल, बोअर (नळीचा आतला व्यास) .२२ इंच. परवाना आणि जतन

मंडळी नमस्कार,

डिचोलीला आमच्या आजोळच्या घराची कौले उतरवायचे काम चालू आहे. माळ्यावरचे सामान खाली काढताना मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले एक एअर पिस्तूल निघाले. मामा आता नाहीत. मामींना ते घरात ठेवायची भीती वाटते आणि मला जुन्या एअर पिस्तुलांची आवड आहे हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे ते माझ्याकडे द्यायचे ठरले आहे. मी अजून ते त्या घरातून हलवलेले नाही. कारण खाली लिहितो.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉट कंपनीचे हे सीनियर मॉडेल. नळी वर आणि हवेचे सिलिंडर तिच्या खाली. नळीची बिजागरी पुढच्या टोकाला आहे, म्हणजे मागची कडी सोडवून नळी उचलायची आणि पुढे पूर्ण उलटी फिरवायची, की स्प्रिंग दाबली जाते. कंपनीने याच रचनेचे पहिले पिस्तूल, मार्क १, १९२४ साली बाजारात आणले. सीनियर १९३० चे, आणि ते १९६४ पर्यंत बनत होते. आमच्या पिस्तुलाची मूठ तिरकी आहे, तेव्हा सुरुवातीच्या सरळ मुठीच्या पिस्तुलांपैकी ते नव्हे. अंगावर पेटंटांचे उल्लेख आहेत, पण पेटंटचे साल म्हणजे बनवल्याचे साल नव्हे. अनुक्रमांक स्पष्ट वाचता येतो. अनुक्रमांकावरून ते युद्धाआधीचे की नंतरचे एवढे जरी कोणी सांगू शकले तर फार बरे होईल.

गोव्यात ते कसे आले याचा अंदाज करता येतो. पोर्तुगीज अमदानीत, विशेषतः १९५० नंतर खाणी जोरात चालू लागल्यावर, विलायती घड्याळे, रेडिओ, गाड्या इथे सर्रास यायच्या. शिवाय आफ्रिकेतून परतलेल्या माणसांच्या पेट्यांतून काय काय आले असेल कोण जाणे. ट्रंकेत पोर्तुगीजमधली एक पावतीही आहे, पण पाणी लागून शाई पसरली आहे. दुकानाचे नाव लागत नाही, तारीखही नाही.

आता मुख्य अडचण. व्हर्नियरने नळी मोजली. ती ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२ आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७, पर्यंत आणि सुटणाऱ्या छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर एअर गनला परवाना लागत नाही. माझ्याकडची बाकीची सगळी पिस्तुले त्यात बसतात. या सीनियरची ऊर्जा पाच ज्यूलच्या आतच असणार, पण बोअर मोठा, म्हणून ते परवान्याच्या कक्षेत येते. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घाटाच्या शस्त्रांना सूट आहे. पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांनाच, असे मी वाचतो. आमचे पिस्तूल चालू होऊ शकेल असे दिसते, तेव्हा त्या सुटीच्या आधाराने गप्प बसणे मला पटत नाही.

म्हणून प्रश्न असा: वारसाने आलेल्या, कधीच कागदावर नसलेल्या .२२ एअर पिस्तुलासाठी पणजीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कोणी अर्ज केला आहे का? आधी पोलीस ठाण्यात जमा करून मग अर्ज करायचा, की अर्जाबरोबर ते घेऊन जायचे? अर्ज मामींच्या नावाने की माझ्या? वकिलाकडे जाणारच आहे, पण ज्याने ही वाट प्रत्यक्ष तुडवली आहे त्याचे ऐकून जावे असे वाटते.

एका जाणत्या गृहस्थांनी सुचवले की सीनियरची नळी बदलता येते, .१७७ ची मिळवून बसव म्हणजे प्रश्नच मिटला. वेबलीची .१७७ आणि .२२ नळी एकाच पिस्तुलावर बसायची हे खरे. पण मग मूळ .२२ नळी वेगळी राहते, आणि ती शस्त्राचा भाग म्हणून मोजली गेली तर काय? आणि ती टाकून द्यायची म्हणजे त्या पिस्तुलाचा अर्धा जीव काढून टाकणे. नळीवर आणि सिलिंडरवर एकसारखा काळसर निळा रंग उतरत गेला आहे, ती जोडी मला तोडायची नाही.

दुसरा प्रश्न जतनाचा. एका दुरुस्ती करणाऱ्याने पाहताक्षणी पॉलिश मारून क्रोम चढवू म्हटले. मी नम्रपणे नको म्हटले. मूळ निळाई एकदा घासली गेली की संग्राहकाच्या दृष्टीने पिस्तूल संपले. गंज फक्त सिलिंडरच्या डाव्या बाजूला आहे, वर्तमानपत्राची घडी जिथे चिकटली होती तिथे. कागदाने ओल धरली आणि अक्षरांसकट ठसा लोखंडावर उमटला आहे. पातळ तेल लावून, काही वेळ तसेच ठेवून, मऊ कापडाने टिपत राहणे एवढेच मी करणार आहे. खोबरेल लावू नका, ते घट्ट होऊन चिकट बसते, हे मामींना सांगून ठेवले. नळी जिथे सिलिंडरवर बसते तिथला छोटा वॉशर भुगा झाला आहे. तो चामड्याचा कापून बसवावा की तसाच रिकामा ठेवावा? मला ते चालवायचे नाही. रिकामे झाडून आतला पिस्टन आपटू द्यायचाही नाही.

आणि पावसाळा. कोकणपट्टीवर राहणारे इतर संग्राहक जून ते सप्टेंबर अशा वस्तू कशात ठेवतात? चामड्याची पिशवी ओल शोषते, म्हणून ती नको. कपाटात बल्ब लावून ठेवायची आपली जुनी पद्धत लोखंडाला चालेल, पण मुठीच्या काळ्या पट्ट्यांना ती ऊब सोसेल का?

किमतीबद्दल कृपया लिहू नका. मामेभावाने कुठेतरी वाचले की एक एअर पिस्तूल लंडनच्या लिलावात २,७७,२५० पौंडांना गेले. ते खरे आहे, २०१० साली. पण ते वॉल्थर एलपी ५३ होते आणि शॉन कॉनरीने जेम्स बाँडच्या जाहिरातीच्या छायाचित्रांत हातात धरलेले तेच नेमके. त्याला समजावले आहे. आमचे विकायचे नाही.

फोटो उद्या दिवसाउजेडी काढून टाकतो: मुठीजवळचा क्रमांक, कडी आणि गंजाचा भाग. आणखी कुठल्या बाजूचा हवा असेल तर आजच सांगा. मामी सोमवारी पणजीला मुलीकडे जाणार आहेत, त्यानंतर घर बंद राहील.