रमजानच्या आधीची लगबग: तुमच्या घरी काय काय चालतं?

खाडीपलीकडची
काल बाजारात समोशाच्या तयार पट्ट्यांची पाकिटं दिसली आणि दापोलीकडचं आजोळ आठवलं. रमजानच्या आधी येणारी शबेबरातची रात्र झाली की नानीच्या पडवीत शेजारपाजारच्या बायका जमायच्या. मैद्याच्या तीन-चार पुऱ्या, प्रत्येकीवर तेलाचं बोट आणि भुरभुर पीठ, एकावर एक ठेवून एकदमच लाटायच्या. तव्यावर नुसती धग दाखवायची, डाग पडू द्यायचा नाही आणि गरम असतानाच पदर सोडवायचे. ते काम आम्हा मुलींकडे, बोटं चांगलीच भाजायची. मग पट्ट्या कापून ओल्या फडक्यात. फ्रिज नव्हता, म्हणून पहिल्या काही रोज्यांपुरत्याच.
नानी म्हणायची, रोजा सोडायच्या वेळी बाई चुलीपाशी नको, सगळ्यांबरोबर दस्तरखानावर, म्हणजे जेवायच्या चादरीवर हवी, ती दुआची वेळ असते. म्हणून मी शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यातच, सगळं उरकते. तुमच्याकडे कसं? लिहा.

मिरजवाली
अगदी खरं बोलली तुझी नानी. आलं-लसूण वाटून डबे भरून ठेवले, कांदा तळायचा राहिलाय. पण त्याआधी कजा रोजे! पाळीमुळे मागच्या रमजानात सुटलेले. आमच्या गल्लीत शाबानमध्ये निम्म्या बायका रोज्यातच असतात, कुणी कुणाला चहा विचारत नाही 😄

रात्रपाळी
चहाचंच लिहायला आलो. पहिल्या रोज्याला डोकं ठणकतं ते भुकेनं नाही, चहा तुटल्यानं. आत्तापासून एकेक कप कमी करा.

नेने_काकू
आमच्या शेजारच्या भाभींकडून दरवर्षी ताट येतं. पण माझ्या लहानपणी रमजान ऐन मे महिन्यात असायचा, आता फेब्रुवारीत कसा?

खाडीपलीकडची
काकू, हिजरी वर्षात आपल्या पंचांगासारखा अधिक मास नाही. त्यामुळे दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०१८ ला मे-जूनमध्ये होता, तेव्हा सब्जा भिजवून भिजवून पुरला नाही. २०३० मध्ये तर दोनदा येणार, जानेवारीत आणि परत डिसेंबरच्या शेवटी.

नेने_काकू
अगंबाई! मग ताटंही दोन 🙂

अब्बांची_लेक
घाईत लिहितेय. घरात कुणाला शुगर असेल तर किराण्याच्या आधी डॉक्टर. अब्बा इन्सुलिनवर आहेत. रोजा धरावा का इथपासून विचारायचं, आणि धरायचा तर डोस आणि वेळा बदलून घ्यायच्या, मनानं नाही. शुगर ७० च्या खाली गेली की रोजा सोडायचा, मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायला, दहा मिनिटं उरली असली तरी. आणि बोटाला सुई टोचून तपासल्यानं रोजा तुटत नाही, हे अब्बांना मौलानांकडूनच ऐकवलं तेव्हा पटलं.

मिरजवाली
अब्बांना सलाम सांग. माझ्या खालूंचंही असंच, ऐकतच नाहीत.

वहीवाला
आमच्याकडे तयारी म्हणजे जकातीची, गरिबांना द्यायच्या वार्षिक दानाची वही. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक वर्षभर राहिली की त्यावर अडीच टक्के. बरेच जण रमजानच्या सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत थांबतात. माझी आई शाबानमध्येच देते. पहिल्या सहरीला, पहाटेच्या जेवणाला, गरिबांच्याही डब्यात पीठ हवं, तेल हवं, खजूर हवा. ईदच्या तोंडावर पैसे मिळून त्यांचे रोजे कसे निघणार? हे मला फार पटतं, शक्य असेल त्यांनी कराच.

रात्रपाळी
👍 आजच बोलतो घरी.

कुवेतकर
खजूर पाठवलाय गाववाल्याच्या बॅगेतून. दरवेळी अर्धा वाटेत वाटला जातो, चालायचंच, सवाब आहे, पुण्यच.

चिपळूणची_सून
पट्टी चिकटवायला खळ मैद्याचीच ना? माझे समोसे तेलात सुटतात.

खाडीपलीकडची
मैद्याचीच, पण घट्ट. आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नकोस, वाफेनं पट्टी ओलावते.

चिपळूणची_सून
शुक्रिया गं. आणि टेलरचं काय केलंत सगळ्यांनी? आमचा आत्ताच म्हणतोय ईदचं कापड घेणार नाही.

मिरजवाली
आमचाही तसलाच. मुलांचे कुर्ते तरी आधी टाक, बायकांचे मागून बघू.