कप्पे ठरवून वाचण्याबद्दल

कप्पे म्हणजे साहित्यप्रकार ठरवून वाचलं की वाचनाचा गृहपाठ होतो असं काही जण म्हणतात, पण माझा अनुभव अगदी उलट आहे. यंदाचं कप्प्यांनुसार पुस्तकं वाचायचं चॅलेंज गेल्या आठवड्यात पूर्ण झालं, आणि कप्पे नसते तर मी वर्षभर कादंबऱ्याच वाचत बसले असते हे नक्की.

आत्मचरित्राच्या कप्प्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली. बाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, तरी इतकी वर्षं हात लावला नव्हता! वडिलांचं सोवळं एवढं कडक की घरात आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचे, आणि हे सगळं त्या इतक्या सहज सांगतात की हसता हसता आईची काय दशा होत असेल ते एकदम लक्षात येतं आणि पुस्तक खाली ठेववत नाही. खरंच वाचा.

विज्ञानकथेला मी कायम घाबरायचे, पण २०२१ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते म्हणून त्यांचं 'यक्षांची देणगी' उचललं आणि दोन बसण्यांत संपवलं. कविता मात्र सलग वाचू नका, रोज एकदोनच, मोठ्याने.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असंही नाही. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०पासून आहे, तिथे काउंटरवरच्या मंडळींना नुसता प्रकार सांगितला तरी चारपाच नावं सुचवतात. नाटकांचा कप्पा मी पुढच्या वर्षी मोठा करणार आहे, कुणाकडे जुन्या एकांकिकांची यादी असेल तर प्लीज टाका.