कार्बन फायबरची नवी पाती: पाकिटातून काढून थेट उडवावीत, की आधी तपासावीत?

माळावरचा वैमानिक (धागालेखक)

गेल्या महिन्यात मी माझ्या ४५० वर्गाच्या (वर्ग म्हणजे यंत्राच्या आकाराचे माप) रिमोट हेलिकॉप्टरला ३२५ मिलिमीटर लांबीची कार्बन फायबरची पाती बसवली. त्याआधी दोन वर्षे काचतंतूची पाती वापरत होतो. नव्या पाकिटावर ‘जुळवलेली जोडी’ असे छापलेले होते. माळावर माझ्यासोबत उडवणाऱ्या मित्राचे म्हणणे असे की, कारखान्याने जुळवलेल्या पात्यांवर आणखी एक रविवार कशाला घालवायचा? मी तो घालवला.

घरी डिजिटल काट्यावर एक पाते ३०.४ ग्रॅम भरले आणि दुसरे ३१.१. हलक्या पात्याला कुठेतरी चिकटपट्टी लावून वजन सारखे केले की काम झाले, असे अनेकजण समजतात; ते चूक आहे. स्टीलच्या पट्टीच्या कडेवर प्रत्येक पाते आडवे तोलून त्याचा गुरुत्वमध्य पेन्सिलीने खुणावला, तेव्हा हलक्या पात्याचा मध्य मुळाकडे तीन मिलिमीटर सरकलेला निघाला. त्यामुळे आधी त्याच्या टोकाला पट्टी लावून खुणा जुळवल्या, मग दोन्ही पाती एकाच बोल्टला जोडून बोल्टची टोके दोन पेल्यांच्या काठांवर टेकवली, आणि जे पाते वर राहिले त्याच्या गुरुत्वमध्यावर उरलेली बोटभर पट्टी गुंडाळली. शेवटी नाण्याने दोन्ही पाती मुळापासून टोकापर्यंत वाजवून पाहिली. मडके घेताना आपण वाजवून घेतो, तसेच.

माळावर पिच (पात्यांचा कोन) शून्यावर ठेवून, दहा-बारा मीटर दूर उभा राहून, मिनिटाला २,०००, मग २,४०० आणि मग २,८०० फेऱ्या अशा टप्प्यांनी रोटर फिरवला. प्रत्येक टप्प्यानंतर यंत्र थांबवून पात्याचे मूळ, बोल्टचे छिद्र आणि लिंक (पात्याचा कोन ठरवणाऱ्या छोट्या दांड्या) तपासल्या. माझे मत असे की, हे सर्व केल्याशिवाय कोणतीही नवी जोडी हवेत जाऊ नये. विरोधी मते अवश्य मांडावीत.

घिरटी

टेबलावरच्या कामाला माझा आक्षेप नाही, माळावरच्या कामाला आहे. जमिनीवर टेकलेले हेलिकॉप्टर हवेतल्यासारखे वागत नाही. खडबडीत मातीवर स्किड (यंत्राचे खालचे आडवे पाय) नीट बसत नाहीत, यंत्र थरथरत सरकते, आणि ती थरथर पात्यांची आहे की जमिनीची, हे ओळखता येत नाही. त्यात ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पात्यांची टोके एकाच पातळीत फिरतात का, हे पाहायचे म्हणजे डोळे रोटरच्या पातळीत आणायचे. म्हणून माणूस उकिडवा बसतो, नीट दिसावे म्हणून दोन पावले पुढे सरकतो आणि पूर्ण वेगात फिरणाऱ्या पात्याच्या नेमक्या पातळीत आपले डोके नेतो. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका उद्यानात १९ वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरच्या पात्याने मृत्यू झाला. तो नवशिका नव्हता. ते यंत्र आपल्या यंत्रापेक्षा बरेच मोठे होते आणि ते उडवताना तसे घडले, हे मान्य. तरी पूर्ण वेगातल्या रोटरजवळ घालवलेले प्रत्येक जादा मिनिट हे जादा मिनिटच असते.

मी पाती तोलतो, बसवतो, बोल्ट योग्य आवळतो, म्हणजे यंत्र आडवे धरल्यावर पाती आपोआप पडू नयेत आणि हलकासा झटका दिल्यावर मात्र पडावीत, आणि मग दूर उभा राहून थेट डोळ्यांच्या उंचीला घिरटी घेतो, म्हणजे यंत्र हवेत एका जागी स्थिर ठेवतो. काही चुकले असेल तर शेपूट लगेच सांगते. कार्बनच्या पात्यांच्या तेरा-चौदा जोड्या आजवर अशाच सुरू केल्या.

यंत्रशाळा

दोघांच्या बोलण्यात आकडे कमी आहेत म्हणून ते मांडतो. ४५० वर्गात हेडसकट (पाती जिथे जोडतात त्या मधल्या भागासकट) रोटरची त्रिज्या सुमारे ३६ सेंटिमीटर असते. मिनिटाला २,८०० फेऱ्यांना पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १०५ मीटर, म्हणजे ताशी ३८० किलोमीटर होतो. ३० ग्रॅमचे पाते आपल्या बोल्टला ५० किलोपेक्षा जास्त वजनाइतका ओढा देते. दोन पात्यांतली मिळून ऊर्जा १२५ ज्यूलच्या आसपास भरते. ताशी १४० किलोमीटरने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत जवळजवळ तेवढीच असते, फक्त चेंडूला धार नसते. त्याहून मोठ्या ७०० वर्गात हीच ऊर्जा पंधरा-सोळा पट होते.

टोकाला एक ग्रॅमचा फरक राहिला, तर या वेगाला सुमारे तीन किलो वजनाचा एकतर्फी ओढा तयार होतो आणि तो सेकंदाला ४६-४७ वेळा दिशा बदलत मुख्य दांड्याला हलवतो. फ्लायबार (रोटर स्थिर ठेवणारी आडवी दांडी) नसलेल्या हेडमध्ये सगळा तोल गायरोच्या (यंत्राचे वळणे मोजणाऱ्या संवेदकाच्या) वाचनावर असतो, आणि ही थरथर त्या वाचनात मिसळते. त्यामुळे धागालेखकाने तोलण्यावर घालवलेला वेळ शंभर टक्के योग्य होता.

मात्र टप्प्याटप्प्याने फिरवण्याने नेमके काय तपासले जाते, याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही. त्यातून असमतोल कळतो, ताकद कळत नाही. मोठ्या हेलिकॉप्टरची पाती चाचणीच्या मनोऱ्यावर बसवून फिरवतात आणि काही नमुना पाती थकवा-चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वाकवतात. मोडलेल्या पात्याकडून मिळालेल्या ज्ञानावर बाकीची पाती उडतात. तुमच्याकडे दोनच पाती आहेत आणि तीच उडवायची आहेत. २,८०० फेऱ्यांना एक मिनिट टिकलेले पाते हे २,८०० फेऱ्यांना एक मिनिट टिकलेले पाते आहे, त्यापलीकडे त्याचा अर्थ काढू नये. काहीजण उडवण्याच्या वेगापेक्षा दहा टक्के जास्त वेगाने ‘खात्री’ करून घेतात. वेग दहा टक्के वाढला की ओढा २१ टक्के वाढतो, आणि निर्मात्याने ठरवलेली मर्यादा कदाचित ओलांडलेले पाते तुम्ही नंतर निर्धास्तपणे उडवता.

जुने लाकूड

मूळ प्रश्नाच्याही आधीचा प्रश्न विचारतो. धागालेखकाला कार्बन हवेच कशाला होते?

आम्ही शिकलो ती पाती लाकडी होती. पुढच्या कडेत शिसे बसवलेले आणि वरून आवरण ताणून बसवलेले. आपटली की फाटायची, ढलप्या उडायच्या, आणि अर्धा मार पाते स्वतःच पचवायचे. कार्बन ताठ असते आणि शेवटपर्यंत ताठच राहते, त्यामुळे आपटल्यावर तो हिसका ग्रिप (पात्याचे मूळ पकडणारा भाग), मुख्य दांडा, गिअर आणि सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) असा आतपर्यंत जातो. पात्यांच्या जोडीची किंमत सगळे सांगतात, मागोमाग मोडलेल्या गिअरची कोणी सांगत नाही. लाकडाचे दोषही मला ठाऊक आहेत. कोकणात एका पावसाळ्यानंतर माझ्या जोडीतल्या एका पात्याने ओल धरली, वजन बदलले आणि पुन्हा सगळे तोलावे लागले.

जर्मनीचे बीओ १०५ हे हेलिकॉप्टर १९६७ साली बिजागऱ्या नसलेल्या हेडसह उडाले, तेव्हा त्याची पाती काचतंतूची होती, कारण पात्यानेच लवणे तिथे अपेक्षित होते. ताठपणा हा नेहमीच गुण असतो असे नाही.

घिरटी

@जुने लाकूड: शिकणाऱ्याने कार्बन घेऊ नये, याबद्दल आपले एकमत आहे, पण धागालेखक शिकाऊ राहिलेले नाहीत. उलटे उडवताना किंवा पिच झपाट्याने बदलताना लवचीक पाते उशिरा प्रतिसाद देते, आणि फार लवले तर टेल बूमवर (शेपटीच्या लांब दांड्यावर) आदळते. बूमला बसलेला तो एक फटका सगळे यंत्र संपवतो. मी तो अनुभव काचतंतूच्या पात्यांवर घेतला आहे.

नवशिका

एक शंका आहे. मी मोबाइलवर चित्रीकरण केले तेव्हा फिरणारी कार्बनची पाती केळ्यासारखी वाकलेली दिसली. ती खरोखरच इतकी वाकतात का? मी घाबरून उडवणे थांबवले आहे.

यंत्रशाळा

नाही. मोबाइलचा कॅमेरा चित्र एका झटक्यात न टिपता ओळीओळीने टिपतो आणि तेवढ्यात पाते पुढे सरकलेले असते. तो वाक चित्रातला आहे, पात्यातला नाही. ट्रॅकिंगसाठी मात्र मोबाइल उपयोगी पडतो. दोन पात्यांच्या टोकांना दोन रंगांच्या पट्ट्या लावाव्यात, यंत्र जमिनीपासून थोडे वर उडवून घिरटीत स्थिर ठेवावे, मोबाइल तिपाईवर ठेवावा आणि स्वतः मागे उभे राहावे. कोणता रंग वर जातो ते पाहून, यंत्र थांबवल्यावर, त्या पात्याची लिंक अर्धा फेरा फिरवावी. त्यामुळे घिरटी यांनी वर्णन केलेले उकिडवे बसणे टळते.

माळावरचा वैमानिक (धागालेखक)

@घिरटी: मी उकिडवा बसलो होतो, दुसऱ्या टप्प्याला. आपण लिहिल्यावर ते आठवले आणि अंगावर काटा आला. यापुढे तिपाई.

@यंत्रशाळा: टप्प्यांच्या बाबतीत माझे उत्तर इतकेच की, बसवण्यातली चूक, म्हणजे सैल लिंक, उलटे बसलेले पाते किंवा ग्रिपमध्ये राहिलेली पोकळी, ही २,००० फेऱ्यांना उघडी पडली तर ओढा २,८०० च्या तुलनेत जेमतेम निम्मा असतो. ताकदीचा दाखला म्हणून मी त्याकडे पाहत नाही, किंवा निदान आता पाहणार नाही.

घिरटी

ते कारण मी मानतो, पण त्यासाठी एक टप्पा पुरे. आणखी एक विचारतो. माझ्या एका पात्याची पुढची कड उंच गवताला लागून टोकाजवळ टवका उडाला आहे. सुपरग्लू भरून, घासून, पुन्हा तोलून मी त्यावर सहा-सात उड्डाणे केली, काही झाले नाही. यंत्रशाळा बहुधा रागावतील.

यंत्रशाळा

रागावत नाही, पण ते पाते उडवू नका. टवका दिसतो तिथे कड आहे. धक्का कुठपर्यंत गेला ते दिसत नाही. आणि कार्बन घासताना पाण्याखाली घासा, नाकातोंडावर मास्क ठेवा. त्याची भुकटी त्वचेत आणि फुप्फुसात जाण्यासारखी आहे.

माळावरचा वैमानिक (धागालेखक)

घिरटी आणि मी एकाच माळावर उडवतो, हे गेल्या आठवड्यात खाजगी निरोपातून कळले. काल त्यांनी ते टवक्याचे पाते मला दिले. आधी नाण्याने वाजवले. मुळापासून टोकापर्यंत आवाज टणक, बद्दपणा कुठेही नाही. माझ्या तपासणीत हे पाते उत्तीर्ण झाले असते.

मग बारीक दातांच्या करवतीने, ओले करत, टवक्यापासून मुळाच्या दिशेने दर सेंटिमीटरला कापत गेलो. पहिल्या तीन तुकड्यांत वरचा थर आतल्या फोमपासून सुटलेला होता. फटीत दाढीचे पाते सहज गेले. चौथ्या तुकड्यात जोड शाबूत होता. बाहेरून दिसणारा टवका तांदळाच्या दाण्याएवढा होता.

नाणे वाजवणे मी माझ्या यादीतून काढलेले नाही, पण त्यावर विसंबून पाते पास करणे सोडले आहे.

घिरटी

जोडीतले दुसरे पातेही बाद केले. जमिनीवर तीन टप्पे मात्र मी अजूनही करणार नाही.

जुने लाकूड

बाद केलेले पाते कचऱ्यात टाकण्याआधी मुळापाशी कापून दोन तुकडे करा. एकदा माझी टाकलेली जोडी माळावरच्या एका मुलाने उचलून, पुसून, स्वतःच्या यंत्राला बसवलेली मी पाहिली आहे.