मदत हवी आहे: काट्याचा डेटाबेस ‘फुल्ल’ म्हणून राहिला, डिस्क तं रिकामी हाय

काटेवाला_राळेगाव:
अर्जंट हाय. जिनिंगचा कापसाच्या गाड्या मोजाचा काटा सकाळपासून बंद. पावती सेव्ह केली की एरर येते, ‘प्रायमरी फाइलग्रुप फुल’ असं कायतरी. मशीन बंद-चालू करून पायली, फरक नाई. डी ड्राइव्हवर 300 जीबी खाली पडून हाय. सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाई. गेटापासून रोडापर्यंत कापसाच्या गाड्या लागल्या. लवकर सांगा.

निवांत_बुलढाणा:
कोणता डेटाबेस? मायएसक्यूएल की एसक्यूएल सर्व्हर? आवृत्ती? एररचा नंबर? ‘कायतरी’वर कोणी काय सांगणार?

हार्डवेअर_दादा:
हार्ड डिस्क जुनी असेल. काढून फेका, एसएसडी टाका. पुलगावात कितीक दुकानांत बसवून दिली, सगळे खूश आहेत.

काटेवाला_राळेगाव:
डिस्क रिकामी हाय म्हटलं नं भाऊ. वाचता की नाई? नंबर 1105 हाय.

श्रिंकसम्राट:
लॉग, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारी फाइल, फुगला असणार, दुसरं काही नसते. डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, श्रिंक, म्हणजे फाइल लहान होते. मी दर रविवारी करतो, आजवर काही झालं नाही.

डीबीए_अमरावतीकर:
लॉग भरला असता तर 9002 आला असता. 1105 मध्ये प्रायमरी म्हणते म्हणजे डेटा फाइल. काटेवाले भाऊ, ‘सिलेक्ट @@व्हर्जन’ चालवा आणि काय येते ते लिहा. एमडीएफ, म्हणजे त्या डेटा फाइलचा साइज पण सांगा, केबीमध्ये.

पोस्टग्रेस_पंथी:
हे सगळे भोग एसक्यूएल सर्व्हरच्या फुकटच्या मर्यादित एडिशनचे असणार. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर या. तोही फुकट, आणि तिथं एकट्या टेबलची मर्यादा 32 टीबी आहे.

निवांत_बुलढाणा:
बाहेर गाड्या उभ्या आहेत आणि तुम्ही त्याला घर बदलायला सांगता.

काटेवाला_राळेगाव:
एसक्यूएल सर्व्हर 2014, एक्सप्रेस एडिशन. एमडीएफ 10,485,760 केबी. विंडोज 7.

डीबीए_अमरावतीकर:
सापडलं. त्या आकड्याला 1024 ने भागा, बरोबर 10,240 एमबी येतात. एक्सप्रेस ही फुकटची एडिशन, ती एका डेटाबेसच्या डेटा फाइली मिळून 10 जीबीच्या वर जाऊ देत नाही. 2008 पर्यंत ही मर्यादा 4 जीबी होती, 2008 आर2 पासून 10 झाली. डिस्कवर किती मोकळं आहे याच्याशी तिला घेणंदेणं नाही. लॉग फाइल या हिशेबात येतच नाही, म्हणून लॉग श्रिंक करून काटा चालू होणार नाही.

आता आत काय साठलं ते पाहा. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत डेटाबेसवर राइट क्लिक, रिपोर्ट्स, स्टँडर्ड रिपोर्ट्स, ‘डिस्क यूसेज बाय टॉप टेबल्स’. वरची तीन टेबलं लिहा. नुसत्या पावत्यांनी 10 जीबी भरत नाही.

कपाशी_घाटंजी:
काट्यावरच हाय तं सांगून टाका, आज भाव काय चालू हाय?

काटेवाला_राळेगाव:
काटाच बंद हाय बावा, भाव कायचा! सीसीआयचा, म्हणजे कापूस महामंडळाचा, 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याले क्विंटलमागं 8110 होता, ओलावा 8 टक्क्यांत असला तं. 12 च्या वर असला तं गाडी वापस.

वाहन_फोटो 8.1 जीबी. पावती_कॉपी_जुनी 900 एमबी. मंग पावती.

निवांत_बुलढाणा:
वाहन_फोटो? म्हणजे काट्यावर कॅमेरे आहेत?

काटेवाला_राळेगाव:
हाओ, मागच्या हंगामापासून दोन लावले. भरली गाडी आली की दोन फोटो, खाली होऊन गेली की दोन. त्याचा याच्याशी काय संबंध?

डीबीए_अमरावतीकर:
सगळा संबंध त्याचाच आहे. एका गाडीचे चार फोटो, एक 200 केबी धरा. रोज शंभर गाड्या म्हणजे 80 एमबी. शंभर दिवसांत 8 जीबी. ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्यानं फोटो टेबलच्या रकान्यात कोंबले. फोल्डरमध्ये ठेवून टेबलात फक्त पत्ता लिहायला हवा होता.

आत्ता काटा चालू करायचा असेल तर आधी पूर्ण बॅकअप डी ड्राइव्हवर घ्या, बाकी सगळं नंतर. मग ‘जुने’ नावाचा नवा डेटाबेस करा. मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी असते, त्यामुळे त्याला स्वतःचे 10 जीबी मिळतात. ‘सिलेक्ट इंटू’नं पावती_कॉपी_जुनी तिकडे न्या, दोन्हीकडच्या ओळी मोजा, जुळल्या की इकडचं टेबल ड्रॉप करा. 900 एमबी मोकळे होतील, पावती सेव्ह व्हायला लागेल. तोवर हातानं पावत्या फाडा, पण संगणकातले नंबर त्यात वापरू नका, वेगळं पुस्तक घ्या. नाहीतर रात्री एन्ट्री करताना नंबर धडकतील.

जुगाडू_वणी:
एवढं कायले? डेव्हलपर एडिशन टाका. फुकट, साइजची मर्यादा नाई.

निवांत_बुलढाणा:
तिचा परवाना डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगपुरता आहे. चालू धंद्यावर नाही चालत.

जुगाडू_वणी:
राळेगावात कोण पाहाले येते?

डीबीए_अमरावतीकर:
असले सल्ले स्वतःच्या काट्यावर वापरा. 2025 च्या एक्सप्रेसमध्ये मर्यादा 50 जीबी आहे, पण ती विंडोज 7 वर बसणार नाही. शिवाय एकदा वरच्या आवृत्तीत गेलेला डेटाबेस खालच्या आवृत्तीत रीस्टोअर होत नाही. हंगाम संपल्यावर बघा.

यूपीएस_मास्तर:
बॅटरी बॅकअप आहे का? लोडशेडिंगमध्ये लिहिता लिहिता लाइट गेली की डेटाबेस ‘सस्पेक्ट’ होऊ शकतो, म्हणजे उघडतच नाही. इन्व्हर्टर वेगळा, यूपीएस वेगळा, हे लोकांना कळत नाही.

काटेवाला_राळेगाव:
यूपीएस हाय. काटा चालू झाला. आता फोटो सरके डिलीट करून टाकू का?

डीबीए_अमरावतीकर:
थांबा! वजनावरून भांडण निघालं की तोच फोटो पुरावा असतो. रात्री काटा बंद झाल्यावर मागच्या हंगामाचे फोटो ‘जुने’मध्ये न्या आणि मग इकडचे काढा. पाचशे-पाचशे ओळींच्या तुकड्यांनी काढा, एका दमात नाही. एकाच डिलीटमध्ये सगळं घातलं तर लॉग खरंच फुगेल.

श्रिंकसम्राट:
आणि त्यानंतर श्रिंक. मी म्हणतच होतो.

डीबीए_अमरावतीकर:
त्यानंतरही नको. डिलीट केल्यावर फाइल 10 जीबीचीच दिसेल, पण आतली जागा मोकळी होते आणि नवीन पावत्या तिथंच बसतात. श्रिंक फाइलच्या शेवटची पानं उचलून सुरुवातीच्या मोकळ्या जागेत कोंबते, इंडेक्सचा, म्हणजे शोधाच्या सूचीचा, क्रम विस्कटतो, शोध मंदावतो. हंगामात फाइल परत भरणारच आहे, मग लहान करून फायदा कोणाचा?

श्रिंकसम्राट:
माझ्याकडे काही मंदावलं नाही.

पोस्टग्रेस_पंथी:
पोस्टग्रेसमध्ये मोकळी जागा परत वापरात आणायला व्हॅक्यूम आहे.

काटेवाला_राळेगाव:
तुमचं चालू द्या. रोजचा बॅकअप आपोआप कसा लावू? यूट्यूबवर ‘एजंट’ दाखवून राहिले, माझ्याकडे तं दिसतच नाई.

डीबीए_अमरावतीकर:
एजंट म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा भाग, तो एक्सप्रेसमध्ये मिळत नाही. बॅकअपची आज्ञा एका फाइलीत लिहा, ती ‘एसक्यूएलसीएमडी’नं चालवणारी बॅच फाइल करा आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रात्रीची वेळ लावा. एक्सप्रेस बॅकअप दाबून लहान करत नाही, त्यामुळे जागा धरून चाला. ‘जुने’चाही बॅकअप लावा, फोटो आता तिथंच आहेत. आणि एक प्रत काट्याच्या खोलीबाहेर, मालकाच्या घरी.