हाडांच्या गोळीनं कोलॅजन ‘सडतं’ म्हणे!

शहापूरकर: ‘आठवड्याची हाडांची गोळी कोलॅजन सडवते, आजच बंद करा, कोलॅजन पावडर प्या’ ही पोस्ट वाचून आमच्या मावशीनं ॲलेंड्रोनेटची पट्टी कचऱ्यात टाकली, म्हणून लिहायला बसलोय. अहो, ही गोळी कोलॅजनला हातसुद्धा लावत नाही. ती हाडातल्या कॅल्शियमला चिकटते आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना गप्प बसवते, उरलेली लघवीतनं जाते. हाड झिजताना कोलॅजनचे तुकडे रक्तात येतात, तेच सीटीएक्स टेस्टमध्ये मोजतात, आणि गोळी सुरू केली की तो आकडा खाली येतो. म्हणजे कोलॅजन कमी तुटायलंय, सडायलंय कुठं? पावडरचं म्हणाल तर ती पोटात पचते, सरळ खुब्यात जाऊन बसत नाही.

खानापूरची सून: कमी तुटतं म्हणजे जुनंच राहतं की! हाडाला कडकपणा कॅल्शियमचा, चिवटपणा कोलॅजनचा. जुन्या कोलॅजनला साखर चिकटत जाते, मग ते वाळलेल्या वादीसारखं ताठ होतं. कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे दिसलंय. आमच्या सासूबाईंनी नऊ वर्षं गोळी घेतली, थांबवा म्हणून कुणी सांगितलं नाही. दोन महिने मांडी दुखते म्हणायच्या, आम्ही वात समजून तेल चोळत बसलो. एक दिवस सोप्यातनं अंगणात उतरताना कट्ट्यावर हाड आधी मोडलं, मग त्या पडल्या. एक्स-रेत आडवी सरळ रेघ, खडू मोडल्यागत.

शहापूरकर: वाईट झालं. पण असं मोडणं फार थोड्यांना होतं. गोळीनं मणके आणि खुबे वाचलेली माणसं पोस्ट टाकत नाहीत. पाच वर्षांनी तपासून धोका कमी असेल तर सुट्टी देतात, हे डॉक्टर सांगतातच की.

तिसरं गेट: सांगतात, पण कुठल्या भाषेत? आईलाही हीच गोळी चालू, दाढ काढायला गेलो तर फॉर्म सगळा कानडीत. ‘हाडांचं औषध चालू आहे काय’ हा प्रश्न त्यात होता, हे शेजारच्या पोरानं नंतर वाचून दाखवलं. या गोळीवर दाढ काढली की जखम कधी कधी भरून येत नाही; तीन महिने जबड्याचं हाड उघडं पडलेलं, घास गिळताना डोळ्यात पाणी. यावर बोला.

निपाणीकर: झालं, सीमाप्रश्न आता दाढेत शिरला.

तिसरं गेट: हसतोस काय? 2023 ला महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागातल्या 865 गावांना फुले आरोग्य योजना दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विसरलास? मिरजेला पळायचं ते काय हौसेनं?

निपाणीकर: माझी बायको कानडी, माझ्या आईला हाडांच्या इंजेक्शनचं मराठीतनं तिनंच समजावलं. फॉर्म कळला नाही तर तोंडानं विचारायचं. तुला तोंड आहे, इथं बरं चालतंय.

तिसरं गेट: बायकोचं कौतुक घरात कर. सत्तर वर्षांची बाई खुर्चीत तोंड उघडून बसलीय, तिनं विचारायचं कसं रे?

निपाणीकर: तू होतास की बाजूला.

तिसरं गेट: बाहेर गाडी लावायलो होतो.

खानापूरची सून: तुमची गाडी लागली असेल तर मांडीवर परत येऊया काय? मुद्दा फॉर्मच्या भाषेचा आहे आणि नाही पण. आमच्या चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या, त्या तरी कुणी वाचल्या? नऊ वर्षं मेडिकलवाला तीच चिठ्ठी बघून गोळ्या देत राहिला आणि आम्ही घेत राहिलो.

शहापूरकर: बरं बाई, ‘हातसुद्धा लावत नाही’ हे मागे घेतो. लावत नाही, पण बदलूही देत नाही, असं म्हणूया. झालं समाधान? ‘सडतं’ मात्र मरेपर्यंत मान्य करणार नाही.

खानापूरची सून: नका करू. मावशींना किती वर्षं झाली ते बघा आधी.

शहापूरकर: आत्ताच विचारून आलो. चार वर्षं झाली. रोज सकाळी उठल्या उठल्या दुधाच्या चहाबरोबर.

निपाणीकर: गोळी आठवड्याची ना?

शहापूरकर: रविवारी गोळी, चहा रोज. नीट वाच. साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं असतं, दुधाच्या चहाबरोबर ती अंगाला लागतच नाही म्हटल्यावर माझ्यावरच चिडली.

खानापूरची सून: मग तुमच्या मावशींचं कोलॅजन एकदम सेफ हो.