कचरा डेपो आणि डिस्टिलरीचा मिथेन उपग्रहाने मोजावा का?

खानापूरकर: कचरा आणि सांडपाणी कुजून सुटणारा मिथेन वायू डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे कोण किती सोडतो हे आजवर कागदावरच ठरत आलं. इतके टन कचरा, गुणिले ठरलेला आकडा, झाला हिशेब. दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनोस आयर्सवरचा मिथेन उपग्रहांनी मोजल्याचा अभ्यास २०२२ साली आला, त्यात तो नेहमीच्या नोंदींच्या १.४ ते २.६ पट निघाला. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. आपल्या बेळगाव भागात कचऱ्याचे डोंगर आहेत, डिस्टिलऱ्यांचं सांडपाणी आहे. नाक दाबून शेजारी राहणाऱ्यांच्या तक्रारीला कुणी पुरावा मानत नाही. मोजणी व्हावी, आणि आकडे मराठी-कन्नडमध्ये पंचायतीच्या फळ्यावर लागावेत.

चिकोडीचा ऊसवाला: अण्णा, वरनं बघणाऱ्याला आधी शेतकरीच दिसतो. तोडणी झाली की खोडव्यासाठी पाचट पेटवतो, लगेच नकाशावर लाल ठिपका. कुट्टी मशीन वेळेला मिळत नाही, पाण्याची पाळी निघून जाते, हे त्या ठिपक्यात दिसतं का? उद्या नोटीस आली तर ती आमच्याच दारात येणार.

जांबोटी घाट: माझा विरोध मोजण्याच्या पद्धतीला आहे. ही यंत्रं जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश वाचतात, ढगाआड त्यांना काही दिसत नाही. आमच्याकडे जूनपासून आभाळ भरलेलं, आणि भाताच्या खाचरात पाणी साचून मिथेन तयार होतो तो नेमका तेव्हाच. शिवाय सेंटिनेल-५पी या युरोपच्या उपग्रहाच्या चित्रातला सगळ्यात लहान चौकोनच साधारण ७ बाय ५.५ किलोमीटरचा. त्यात दोन-तीन गावं सहज बसतात. दोष कुठल्या गावाला देणार?

खानापूरकर: भाताचं मी नावच घेतलं नाही. खाचराचा मिथेन पसरट, डेपोचा एका जागेवरून उठतो. जीएचजीसॅट या कॅनडाच्या कंपनीच्या उपग्रहांचा चौकोन २५ मीटरच्या आसपासचा असतो, आणि डेपो पावसाळा संपल्यावरही तिथेच असतो. ऊसवाले दादा, तुमची आग दिसते आणि सांडपाण्याच्या तळ्यातला वायू दिसत नाही, हाच तर अन्याय आहे. म्हणून तर मिथेन मोजायचा.

निपाणी वेस: सगळी भिस्त आभाळावर ठेवू नका. मिथेन मोजणारा मिथेनसॅट उपग्रह मार्च २०२४ मध्ये सोडला, जून २०२५ मध्ये त्याचा संपर्कच तुटला. सेंटिनेल-५पी दुपारी दीडच्या सुमाराला वरून जातो, रात्री काय सुटतं ते त्याला कळत नाही. त्यापेक्षा डेपोच्या कुंपणाला मिथेनचं यंत्र बसवा. पावसात चालतं, रात्री चालतं.

चिकोडीचा ऊसवाला: हे पटलं. कुंपणावर बसवा, आमच्या बांधावर नको.

खानापूरकर: बसवा, माझी हरकत नाही. पण त्या यंत्राची किल्ली डेपो चालवणाऱ्याच्याच खिशात राहणार असेल, तर वरून कुणीतरी मोजत असलंच पाहिजे.