सुपरचार्ज्ड इंजिनावरील व्हॅक्यूम जोडण्या: कोणती नळी रोटरच्या कोणत्या बाजूला घ्यावी?

प्रश्न

रूट्स प्रकारचा सुपरचार्जर (फिरत्या रोटरच्या जोडीने इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र) बसवलेले इंजिन मी सध्या जुळवत असून, ते पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी व्हॅक्यूमच्या नळ्यांविषयी खात्री करून घ्यायची आहे. थ्रॉटल बॉडी (हवेचा मार्ग कमी-जास्त उघडणारी झडप) सुपरचार्जरच्या आधी आहे. थ्रॉटल आणि रोटर यांच्या मधल्या भागात एक मोठे व एक लहान निपल (नळी बसवण्याचे टोक) आहे, तर रोटरच्या खाली, इनटेक मॅनिफोल्डवर, तीन लहान निपल आहेत. ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणारा), पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी झडप), फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), बूस्ट गेज आणि बायपास व्हॉल्व्हचा, म्हणजे हवा रोटरला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेला हलवणारा, अ‍ॅक्च्युएटर अशा सहा जोडण्या करायच्या आहेत. मोठ्या निपलवर एक व्हॅक्यूम ब्लॉक बसवून सगळ्या नळ्या तिथूनच घेतल्या तर चालेल का?

पहिले उत्तर

नाही, चालणार नाही. आपल्या रचनेत थ्रॉटल आणि रोटर यांच्या मधल्या जागेत कधीच बूस्ट (वातावरणाहून जास्त दाब) तयार होत नाही. तिथे एक तर व्हॅक्यूम असतो किंवा थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर जवळपास वातावरणाएवढा दाब. रोटरच्या खाली मात्र आयडलला व्हॅक्यूम आणि भार आल्यावर बूस्ट, अशी दोन्ही टोके येतात. त्यामुळे ज्याला सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचा खरा दाब कळायला हवा, त्याची नळी खालून घ्यावी आणि ज्याला बूस्ट सोसत नाही, त्याची वरून.

यात सर्वांत जास्त काळजी रेग्युलेटरची घ्या. समजा, मूळ इंधनदाब ३ बार आहे आणि इंजिन ०.६ बार बूस्ट करते. इंजेक्टरचे टोक मॅनिफोल्डमध्ये उघडत असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ३ बार राहायचा, तर रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) ३.६ बार दाब लागतो. रेग्युलेटरची नळी वरच्या ब्लॉकवर असेल, तर त्याला बूस्टचा पत्ताच लागत नाही. रेलचा दाब ३ बारवरच थांबतो, फरक २.४ बार उरतो आणि प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे इंजेक्टर सुमारे १० टक्के कमी इंधन देतो. तेही नेमके पूर्ण भारावर, म्हणजे मिश्रण पातळ झाल्याने नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टन जाण्याचा धोका सर्वाधिक असतो तेव्हा!

मॅप सेन्सर आणि बूस्ट गेजही खालीच जोडा. मूळचा १ बारचा सेन्सर वातावरणाच्या वरचा दाब मोजू शकत नाही, त्यामुळे किमान २ बारचा लागेल आणि ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) त्याचे कॅलिब्रेशन बदलावे लागेल. खाली तीन निपल आहेतच, तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र नळी द्या. मॅप सेन्सरच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) घालून दुसरे काहीही जोडू नये, कारण त्या दुसऱ्या जोडणीतली बारीक गळतीसुद्धा ईसीयूला चुकीचा दाब दाखवते.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. बायपासविषयी थोडी भर घालतो. एका निपलचा अ‍ॅक्च्युएटर असेल, तर त्याची नळी वरच्या लहान निपलवर जोडावी. थ्रॉटल अर्धवट मिटलेला असेपर्यंत तिथला व्हॅक्यूम डायफ्राम (आतला लवचीक पडदा) ओढून धरतो, बायपास उघडा राहतो आणि हवा रोटरभोवती विनाकारण दाबली जात नाही. हीच नळी मॅनिफोल्डवर घेतली, तर थ्रॉटल थोडासा उघडताच खालचा व्हॅक्यूम संपतो, बायपास लवकर मिटतो आणि साध्या चालीतही इनटेकची हवा तापू लागते. अ‍ॅक्च्युएटरला दोन निपल असतील, तर मात्र उत्पादकाची आकृती पाहिल्याशिवाय जोडणी करू नये.

पीसीव्ही आणि ब्रेक बूस्टर वरच्या मोठ्या निपलवर घेता येतील. पीसीव्ही खाली जोडल्यास आणि त्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नसल्यास बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि सीलमधून तेल बाहेर येऊ लागते. वर जोडल्यावर तेलाची वाफ रोटरमधून जाणार, म्हणून मध्ये कॅच कॅन (तेल अडवणारा डबा) बसवावा. ब्रेकच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वरच्या जोडणीतही हवाच, कारण थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम तोच राखून ठेवतो.

तिसरे उत्तर

हे सर्व थ्रॉटल आधी आणि रोटर नंतर या क्रमाला लागू आहे, हे इतर वाचकांनी कृपया लक्षात घ्यावे. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरमध्ये बहुधा थ्रॉटल कॉम्प्रेसरच्या नंतर असतो. तिथे व्हॅक्यूम फक्त थ्रॉटलच्या नंतर मॅनिफोल्डमध्ये मिळतो, म्हणून ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा (थ्रॉटल मिटल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) सिग्नलही तिथूनच घ्यावा लागतो.

नळ्यांबाबत सांगायचे, तर सिग्नलसाठी सिलिकॉनची नळी चांगली, पण पीसीव्हीसाठी नको. तेलाने ती फुगते आणि मऊ पडते. ब्रेकसाठी आत जाळी असलेली, ओढीने चपटी न होणारी नळीच घ्या. रोटरखालच्या प्रत्येक जोडणीवर क्लिप लावा, कारण व्हॅक्यूम नळीला निपलवर ओढून धरतो, तर बूस्ट तीच ढकलून काढतो.

इंजिन सुरू करण्यापूर्वी हातपंपाने प्रत्येक डायफ्राम तपासा. बायपासच्या अ‍ॅक्च्युएटरला व्हॅक्यूम दिल्यावर त्याचा दांडा सरळ एका टोकापर्यंत सरकायला हवा आणि पंप थांबवल्यावर तिथेच टिकायला हवा. दांडा हळूहळू परत येत असेल, तर आधी नळीचे टोक पाहा. निपलच्या कडेला तिथे उभी बारीक चीर सापडते, आणि तेवढा भाग कापून नळी पुन्हा बसवली की बहुतेक वेळा काम होते. तरीही दांडा टिकत नसेल, तर डायफ्राम फाटला आहे असे समजून अ‍ॅक्च्युएटर बदला.